निरर्थक काहीच नसतं

1938 साली अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातून, फॉरेस्ट नावाच्या लहानशा गावातून, एका वकिलानं बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या डॉ. लिओ कॅनर यांना पत्र पाठवलं. पत्र 33 पानांचं होतं आणि त्यात विषय एकच होता, आपला मुलगा डोनाल्ड. वर्षाचा असतानाच तो कितीतरी चाली अचूक गुणगुणायचा. पण आई खोलीत आली काय नि गेली काय, त्याला फरक पडत नव्हता. हाताला लागेल ती वस्तू गरगर फिरवत बसायचा. त्यात कुणी आडवं आलं, की आकांत मांडायचा. वडिलांनी खटल्याची टिपणं काढावीत तशा नेटानं हे सगळं नोंदवलं होतं. कॅनर पुढे म्हणत, की त्या पत्रातला तपशील वाचून ते चक्रावले होते, कारण त्यांच्या पाठ्यपुस्तकांत असं मूल कुठेच नव्हतं.

पुढे कॅनरनी डोनाल्डला प्रत्यक्ष पाहिलं. त्या निरीक्षणातली एक नोंद मला फार मोलाची वाटते. डोनाल्डला 'हो' हा शब्द येत होता, पण त्याचा अर्थ त्याच्यापुरता एकच होता, 'मला खांद्यावर घ्या'. कारण वडिलांनी त्याला कधीतरी सांगितलं होतं, की 'हो' म्हणालास तर खांद्यावर घेईन. आपण 'हो' शेकडो प्रसंगांतून ऐकतो आणि त्या प्रसंगांचा अर्क काढून घेतो. या मुलानं शब्द आणि प्रसंग वेगळे केलेच नाहीत. ज्या क्षणी शब्द मिळाला, तो अख्खा क्षण त्यानं शब्दासकट जपून ठेवला.

कॅनरनी पाहिलेला पॉल नावाचा दुसरा एक मुलगा मधूनच म्हणायचा, 'कुत्रा गॅलरीतून खाली टाकू नकोस.' आसपास कुत्रा नसायचा, गॅलरीही नसायची. ऐकणाऱ्याला वाटावं, मूल भ्रमिष्टासारखं बडबडतंय. उलगडा आईनं केला. तीनेक वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये असताना पॉल खेळण्यातला कुत्रा गॅलरीतून सारखा खाली टाकायचा. तो आणून आणून कंटाळलेली आई एकदा त्याला हे वाक्य बोलली होती. तेव्हापासून काहीही फेकण्याची ऊर्मी आली, की पॉल हेच वाक्य म्हणायचा आणि स्वतःला आवरायचा. वरवर असंबद्ध वाटणारं ते वाक्य म्हणजे एका लहानग्याचा आत्मसंयम होता. तो ओळखायला ती जुनी गोष्ट ठाऊक असलेलं कुणीतरी जवळ असावं लागत होतं, इतकंच.

कॅनरनी 1943 मध्ये अशा 11 मुलांवर, आठ मुलगे आणि तीन मुलींवर, निबंध प्रसिद्ध केला आणि ऑटिझमला वैद्यकशास्त्रात स्वतंत्र जागा मिळाली. त्यांच्या आधी, 1925 मध्ये, सोव्हिएत रशियातल्या मानसोपचारतज्ज्ञ ग्रून्या सुखारेवा यांनी सहा मुलांचं असंच नेमकं वर्णन केलं होतं. ते बराच काळ विस्मरणात गेलं. कॅनरपाठोपाठ 1944 मध्ये व्हिएन्नाच्या हान्स आस्पर्गर यांचा निबंध आला. मराठीत आपण ऑटिझमला स्वमग्नता म्हणतो. हा आजार नाही, तापासारखा येऊन जाणारा तर नाहीच. मेंदूची जडणघडणच जन्माआधीपासून वेगळ्या वाटेनं होते आणि ती वाट आयुष्यभर सोबत राहते.

पॉलचं वाक्य आपल्याकडच्या कितीतरी घरांत मराठीतून ऐकू येतं. तहान लागली की मूल म्हणतं, 'पाणी हवंय का तुला?' आई नेहमी हेच विचारते आणि त्यापाठोपाठ पाणी येतं, म्हणून अख्खं वाक्य म्हणजेच पाणी. 'मला' आणि 'तुला' यांची अदलाबदल झालेली दिसते, पण मुलाच्या बाजूनं हिशेब चोख आहे. कुणी टीव्हीवरची जाहिरात घोकतं, कुणी गेल्या वर्षी ऐकलेली रेल्वेची उद्घोषणा. वाचा-उपचार करणारे याला इकोलालिया म्हणतात. पूर्वी ती पोपटपंची समजून बंद करण्याकडे कल असायचा. 1980च्या दशकात बॅरी प्रायझंट आणि इतर संशोधकांनी ती बारकाईनं तपासली. या 'घोकण्या'तून मुलं मागणं मागतात, नकार देतात, स्वतःला धीर देतात, संभाषणात आपली पाळी घेतात, असं त्यांना दिसलं. अनेक मुलांसाठी भाषेकडे जाणारा रस्ता इथूनच जातो.

मग या मुलांना जग जाणवतं तरी कसं? स्वयंपाकघरात कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या, की तिसरी येणार हे आपल्या मेंदूनं आधीच धरलेलं असतं. ती आली तरी आपण दचकत नाही, हातातलं काम थांबत नाही. आपला मेंदू अखंड असे अंदाज बांधतो आणि अंदाजाप्रमाणे घडणाऱ्या गोष्टींकडे दुर्लक्ष करायला आपल्याला मोकळं सोडतो. मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीतले मेंदूशास्त्रज्ञ पवन सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये एक सिद्धांत मांडला. स्वमग्न मेंदूत हे अंदाज बांधण्याचं कामच वेगळ्या रीतीनं चालत असावं. तसं असेल तर कुकरची प्रत्येक शिट्टी पहिलीच. ट्यूबलाइटची घूं घूं पाचव्या मिनिटालाही तितकीच ठळक. समोरच्याचा चेहरा पुढच्या क्षणी कसा बदलेल, याचा भरवसा नाही. सगळं काही कारणाशिवाय, एकाएकी घडत असल्यासारखं.

हा अजून सिद्धांतच आहे आणि स्वमग्नतेचं सारं काही त्यात मावत नाही. पण तो डोळ्यांसमोर ठेवला, की 'विचित्र' म्हणून बाजूला सारलेल्या सवयी एकेक करून बोलू लागतात. शाळेला रोज त्याच रस्त्यानं जायचं, ताटात वरण-भात एकमेकांना लागू द्यायचा नाही, गाड्या एका ओळीत लावायच्या, पंखा तासन्‌तास बघायचा. पंखा हमखास फिरतो, ओळ आपण लावली तशीच राहते. बेभरवशाच्या जगात मुलानं शोधलेली ही भरवशाची ठिकाणं आहेत. हात फडफडवणं, डोलणं, स्वतःभोवती गिरक्या घेणं यांना पालकांच्या बोलण्यात 'स्टिमिंग' म्हणतात. त्यातूनही मूल अंगातला ताण उतरवतं, कधी आनंद व्यक्त करतं. अमेरिकन मानसोपचार संघटनेनं 2013 मध्ये निदानाचे निकष नव्यानं लिहिले, तेव्हा आवाज, प्रकाश, स्पर्श, वास यांविषयीची अति किंवा अल्प संवेदनशीलता त्यांत पहिल्यांदा समाविष्ट झाली. स्वमग्न माणसं आणि त्यांचे आईबाप ती कितीतरी वर्षं सांगत होते.

लग्नात बँड सुरू होताच कानावर हात दाबून जमिनीवर लोळणाऱ्या मुलाकडे आता पुन्हा पाहा. हट्टाला प्रेक्षक लागतात आणि मागितलेली वस्तू मिळाली की हट्ट संपतो. इथे मूल कुणाकडे पाहत नाही, चॉकलेट दिलं तरी थांबत नाही, कारण त्यानं काही मागितलेलंच नाही. त्याची सहनशक्ती संपली आहे. पालक याला मेल्टडाउन म्हणतात. त्यावर धपाटा हे उत्तर असूच शकत नाही. आवाजापासून दूर नेणं, गर्दी हटवणं, थोडा वेळ शांत राहू देणं, एवढंच कामाला येतं.

नजरेला नजर न देणं हे स्वमग्नतेचं सर्वांत परिचित लक्षण. त्याचा उगम शोधताना अ‍ॅटलांटाच्या एमरी विद्यापीठातल्या वॉरन जोन्स आणि अमी क्लिन यांना जे दिसलं, ते थक्क करणारं आहे. त्यांनी दोन महिन्यांच्या तान्ह्यांपासून सुरुवात केली. आईसारखं बोलणाऱ्या बाईचा व्हिडिओ दाखवायचा आणि बाळाची नजर चेहऱ्यावर नेमकी कुठे टेकते, ते यंत्रानं टिपायचं. असं महिनोन्‌महिने केलं आणि तिसऱ्या वर्षी कोणतं मूल स्वमग्न निघालं, ते पाहिलं. दोन महिन्यांची असताना ही मुलंही इतर बाळांइतकीच डोळ्यांत पाहत होती. त्यानंतर, दोन ते सहा महिन्यांच्या दरम्यान, ती नजर हळूहळू ओसरू लागली. हे निष्कर्ष 2013 मध्ये 'नेचर'मध्ये आले. बोलणं, चालणं, नावाला ओ देणं या सगळ्याच्या कितीतरी आधी वाट वळलेली असते. आईला मात्र ती कळते दीड-दोन वर्षांनी आणि आपलंच काही चुकलं, असं वाटून ती स्वतःला कोसत राहते.

एकच नाव असलं तरी ही मुलं एकसारखी नसतात. ब्रिटनच्या मानसोपचारतज्ज्ञ लॉर्ना विंग यांची मुलगी सूझी स्वमग्न होती. विंग आणि ज्युडिथ गूल्ड यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या मुलांची पाहणी करून 1979 मध्ये दाखवून दिलं, की कॅनरनी आखलेल्या चौकटीबाहेरही अशी कितीतरी मुलं आहेत. 'स्पेक्ट्रम' ही कल्पना विंग यांच्या कामातून रुजली. स्पेक्ट्रम म्हटलं, की अनेकांना 'थोडं' ते 'खूप' अशी सरळ पट्टी दिसते. ऑर्केस्ट्रातल्या ध्वनी-संयोजकापुढे जसा अनेक बटणांचा पाट असतो, तसं ते चित्र जास्त खरं आहे. बोलण्याचं बटण एका जागी, आवाजाच्या त्रासाचं दुसऱ्या जागी, स्मरणशक्तीचं तिसऱ्या, अंगाच्या तोलाचं आणखी कुठे. प्रत्येक मुलात जुळणी निराळी. एखादं मूल सफाईनं बोलतं, पण वर्गातल्या गोंगाटात कोलमडतं. एखादं कधीच तोंडानं बोलत नाही, पण चित्रांच्या कार्डांवरून किंवा टॅब्लेटवरून नेमकं काय हवं ते सांगतं. काही मुलांना सोबत बौद्धिक अक्षमता असते, काहींना फिट्स येतात आणि त्यांना जन्मभर मदत लागते. सिनेमातल्यासारखी अचाट गणिती प्रतिभा अगदी थोड्यांकडे असते. मुलींमध्ये निदान हुकण्याचं प्रमाण जास्त, कारण अनेक मुली इतरांचं पाहून वागणं उचलतात आणि आतली दमछाक लपवतात.

अशी मुलं किती? भारतात पाच ठिकाणी, दोन ते नऊ वर्षांच्या सुमारे 4,000 मुलांची पाहणी झाली. त्यातलं एक ठिकाण उत्तर गोवा होतं. 2018 मध्ये आलेल्या या अभ्यासानुसार आपल्याकडे स्वमग्नतेचं प्रमाण साधारण शंभरात एकाच्या आसपास आहे. म्हणजे तुमच्या सोसायटीत, तुमच्या मुलांच्या शाळेत, तुमच्या नात्यागोत्यात असं मूल असणारच. ते दिसत नसेल, तर बहुधा त्याच्या आईबापांनी त्याला बाहेर आणणं थांबवलं आहे.

ते का थांबवतात, हे समजून घ्यायला विज्ञानाच्या इतिहासातलं एक काळं पान उलटावं लागतं. मुलाची वाट वेगळी आहे म्हटल्यावर जगानं आधी आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. ही मुलं जन्मतःच वेगळी आहेत, हे कॅनरनी पहिल्याच निबंधात लिहिलं होतं. पण त्याच निबंधात आईबापांच्या थंडपणाविषयीही त्यांनी शेरे मारले आणि ते शेरेच लोकांनी उचलले. 'फ्रिजसारख्या थंड आया' हा शब्दप्रयोग रूढ झाला. 1967 मध्ये शिकागोच्या ब्रुनो बेटलहाइम यांनी गाजलेलं पुस्तक लिहून, आईच्या नकारामुळे मूल स्वतःत कोंडून घेतं, असं ठासून सांगितलं. हजारो आयांनी हा डाग निमूटपणे वागवला.

तो पुसायला बापच पुढे आला. बर्नार्ड रिमलँड हे अमेरिकी नौदलात काम करणारे मानसशास्त्रज्ञ, त्यांचा मुलगा स्वमग्न. 1964 मध्येच त्यांनी पुस्तक लिहून हा सिद्धांत मुळापासून खोडला आणि कारण मेंदूत शोधा, असं बजावलं. 1969 मध्ये वॉशिंग्टनला पालकांच्या सभेत खुद्द कॅनरनी आईबापांना जाहीरपणे दोषमुक्त केलं. 1977 मध्ये सुझन फोलस्टीन आणि मायकल रटर यांनी जुळ्यांच्या 21 जोड्या अभ्यासल्या. एकसारख्या जुळ्यांच्या 11 जोड्यांपैकी चार जोड्यांत दोन्ही मुलं स्वमग्न होती, वेगवेगळ्या जुळ्यांच्या दहा जोड्यांपैकी एकीतही नाही. घर तेच, आई तीच, फरक होता तो जनुकांचा. आज स्वमग्नतेशी निगडित शंभराहून जास्त जनुकं माहीत आहेत आणि आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचं अनेक देशांतल्या लाखो मुलांच्या नोंदींतून दिसलं आहे.

लसीविषयीची भीतीही अशीच निराधार ठरली. 1998 मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड यांनी 'लॅन्सेट'मध्ये अवघ्या 12 मुलांवरचा निबंध छापून गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीवर संशय निर्माण केला. त्यातला अप्रामाणिकपणा पत्रकार ब्रायन डीर यांनी उघड केला. 2010 मध्ये नियतकालिकानं निबंध मागे घेतला आणि वेकफिल्ड यांची वैद्यकीय नोंदणी रद्द झाली. डेन्मार्कमध्ये 6,57,461 मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या, 2019 मध्ये निष्कर्ष आला आणि लसीचा संबंध आढळला नाही.

विज्ञानानं आईला निर्दोष सोडून अर्धशतक उलटलं. आपल्या घरांत मात्र खटला अजून चालूच आहे. 'नोकरी करते, पोराकडे लक्ष कुठे आहे', 'गरोदरपणात काहीतरी पाहिलं असेल', 'मोबाइल देऊन देऊन पोर बिघडवलं', 'कुलदैवताचं काही राहिलंय का बघा'. बोलणाऱ्यांत सासू असते, शेजारीण असते, कधी शाळेच्या बाईही असतात. उलट बाजूचं आश्वासन तितकंच महागात पडतं. 'मुलगे उशिराच बोलतात, त्याचा बाप पण पाच वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता.' या एका वाक्यानं महाराष्ट्रातल्या मुलांची किती मोलाची वर्षं गिळली असतील! आरोपही नको आणि खोटा दिलासाही नको, या आईबापांना सोबत हवी असते.

आता या विषयातल्या सर्वांत सुंदर वळणाकडे येऊ. 1985 मध्ये लंडनमध्ये सायमन बॅरन-कोहेन, अ‍ॅलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी एक साधा खेळ मांडला. दोन बाहुल्या. सॅली आपली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते. अ‍ॅन ती काढून खोक्यात लपवते. सॅली परतल्यावर गोटी कुठे शोधेल? टोपलीत, कारण तिला बदल ठाऊक नाही. 20 स्वमग्न मुलांपैकी 16 जणांनी खोक्याकडे बोट दाखवलं. त्यावरून एक समज दृढ झाला, की दुसऱ्याच्या मनात काय आहे हे या मुलांना ओळखता येत नाही. पुढे तो समज 'यांना सहानुभूतीच नसते' इथवर ताणला गेला.

2012 मध्ये डेमियन मिल्टन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञांनी, जे स्वतः स्वमग्न आहेत, एक साधा प्रश्न विचारला. स्वमग्न माणसाचं मन बाकीच्यांना कुठे ओळखता येतं? न समजणं जर दोन्हीकडून आहे, तर दोष एकट्याच्या खात्यावर का? मग संशोधकांनी प्रयोग रचले. एडिनबरात कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी आपल्या कानगोष्टींच्या खेळासारखा खेळ योजला. एकाला गोष्ट सांगायची, त्यानं ती दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला, असं आठव्यापर्यंत. 2020 मध्ये आलेला निष्कर्ष असा, की सगळे स्वमग्न असलेल्या साखळीत गोष्ट तितकीच टिकली, जितकी एकही स्वमग्न नसलेल्या साखळीत. मिश्र साखळीत ती जास्त झिजली. 2025 मध्ये त्यांनीच 311 प्रौढांवर हा प्रयोग पुन्हा केला, तेव्हा मिश्र साखळीतली ती झीजही दिसली नाही. तिन्ही साखळ्या बरोबरीच्या ठरल्या. दोन्ही प्रयोगांत एक गोष्ट पक्की राहिली. स्वमग्न माणसं माहिती पोचवण्यात कुणाहून उणी नाहीत.

मग माणसं त्यांच्यापासून दूर का सरकतात? टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस शाखेतले नोआ सॅसन आणि सहकारी यांनी 2017 मध्ये याची कसून तपासणी केली. स्वमग्न व्यक्तींचे काही सेकंदांचे व्हिडिओ पाहून लोकांनी लगेच प्रतिकूल मत बनवलं, यांच्याशी मैत्री नको म्हटलं. पण त्याच व्यक्तींचं तेच बोलणं फक्त कागदावर वाचायला दिलं, तेव्हा तो दुजाभाव नाहीसा झाला. नावडत होता तो बोलण्याचा सूर, नजर, हातांची हालचाल. बोलण्यातल्या आशयाविषयी कुणाची तक्रार नव्हती. काही सेकंदांत आपण एका माणसाला नाकारतो आणि ते त्याच्या वेगळ्या लकबीसाठी. आपल्या समाजाच्या वृत्तीचा इतका स्पष्ट आरसा मी दुसरा पाहिलेला नाही.

हा दुरावा मोठ्यांच्या बाजूनं मिटवता येतो का, याचं एक उत्तर आपल्या शेजारी गोव्यात मिळालं. तज्ज्ञ मोजके आणि ते शहरांत. तेव्हा 'संगत' या संस्थेनं, डॉ. गौरी दिवाण यांच्या पुढाकारानं, ब्रिटनमधली एक पद्धत इथल्या घरांसाठी बदलून घेतली. तज्ज्ञ नसलेले, पण खास प्रशिक्षण घेतलेले कार्यकर्ते घरी जायचे. आई किंवा बाबा मुलाशी खेळत असताना थोडा वेळ चित्रण करायचे आणि मग ते चित्रण पालकांसोबत बसून पाहायचे. पाहता पाहता आईला दिसायचं, की इथे त्यानं माझ्याकडे क्षणभर पाहिलं होतं आणि मी त्याच वेळी दुसरं खेळणं पुढे केलं. तो चाक फिरवत होता, ते त्याचं बोलावणं होतं, मी मात्र रंग विचारत बसले. सहा महिन्यांत अशा 12 बैठका. गोवा आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी मिळून 65 मुलांवर ही चाचणी झाली आणि 2016 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पालक मुलाच्या लयीला जास्त साथ देऊ लागले आणि मुलं आपणहून जास्त संवाद सुरू करू लागली. सगळंच सुधारलं असं नाही, एकाच गोष्टीत दोघांचं लक्ष गुंतण्याचा वेळ उलट घटला. तरीही केवढी ही गोष्ट! मुलाला आपल्यासारखं करण्याचा अट्टहास सोडून मोठ्यांनी त्याचे इशारे वाचायला घेतले आणि मूल बोलायला पुढे आलं.

डोनाल्डचं पुढे काय झालं, हे याच दिशेनं बोट दाखवतं. काही वर्षं तो गावाजवळच्या एका शेतकरी जोडप्याकडे राहिला. त्याला मोजण्याचा ध्यास होता. त्यांनी त्याला विहीर खणायला लावली आणि खोली मोजून सांगायला सांगितली. तो मक्याच्या ओळी पुन्हा पुन्हा मोजायचा. त्यांनी त्याच्या हाती नांगर दिला, नांगरता नांगरता मोज म्हणाले. पुढे तो शाळेत गेला, कॉलेजातून पदवी घेतली, गावच्या बँकेत नोकरी केली, गोल्फ खेळला, एकट्यानं देशोदेशी हिंडला. 2023 मध्ये 89व्या वर्षी तो वारला. घर श्रीमंत होतं, बँक आजोळच्या माणसांनीच उभारलेली होती, हे विसरता येणार नाही. पण गावानंही त्याला आपलं मानलं होतं. म्हातारपणी पत्रकार त्याला शोधत आले, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना दम भरला, की आमच्या डॉनला दुखावलंत तर गाठ आमच्याशी आहे.

त्याच्याविषयी गावात एक दंतकथा होती. शाळकरी वयात मुलांनी त्याला शाळेच्या भिंतीच्या विटा मोजायला सांगितल्या आणि त्यानं एका दृष्टिक्षेपात आकडा सांगितला. पुष्कळ वर्षांनी त्यानं कबूल केलं, की तो आकडा त्यानं मनानंच ठोकून दिला होता. त्या मुलांचं आपल्याविषयी चांगलं मत व्हावं, असं त्याला वाटलं होतं. ज्याच्यावरून 'यांना माणसांची ओढ नसते' असं जगानं ठरवलं, त्या पहिल्या मुलाला चार सवंगड्यांनी आपल्याला नावाजावं, असं मनापासून वाटत होतं.

आपल्याकडे कायदा आता मुलांच्या बाजूनं आहे. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यानं मान्य केलेल्या 21 प्रकारांत स्वमग्नता आहे. 40 टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. नॅशनल ट्रस्टच्या 'निरामय' योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो. ज्या बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशातली सुरुवात 2013 मध्ये आपल्या पालघरला झाली, त्यातून जिल्हा रुग्णालयांत शीघ्र हस्तक्षेप केंद्रं उभी राहिली. तिथे तपासणीला पैसे पडत नाहीत. मुंबईत 'उम्मीद'सारखी संस्था 2001 पासून मुलांबरोबर आणि पालकांबरोबर काम करते आहे. 'पूर्ण बरा करतो' असं सांगून लाखो रुपये उकळणाऱ्यांपासून मात्र सांभाळा. स्वमग्नतेवर स्टेम सेल उपचाराची शिफारस करता येत नाही, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नैतिकता मंडळानं 2022 मध्येच स्पष्ट केलं आहे. उपयोग होतो तो वाचा-उपचार, ऑक्युपेशनल थेरपी, पालकांचं प्रशिक्षण आणि समजून घेणारी शाळा यांचा.

घरात लहान मूल असेल तर एवढं लक्षात ठेवा. वर्षाचं होऊनही ते बोट दाखवत नाही, टाटा करत नाही, नावाला ओ देत नाही. 16 महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही. दोन वर्षांपर्यंत दोन शब्द स्वतःहून जोडत नाही. किंवा आलेले शब्द गळून गेले. यातलं काहीही दिसलं, तर 'बघू पुढे' म्हणू नका, बालविकास तपासणी करून घ्या. काही निघालं नाही तर उत्तमच, निघालं तर वेळ हाताशी राहील.

आणि घरात असं मूल नसेल, तर काम तुमच्याकडे आहे. एसटीत, मंगल कार्यालयात, दवाखान्याच्या रांगेत एखादं मूल कान झाकून ओरडत असेल, तर त्याच्या आईकडे रोखून पाहू नका आणि सल्लाही देऊ नका. जागा करून द्या. जमलं तर स्पीकर कमी करायला सांगा. 'काही मदत करू का?' एवढं विचारा आणि ती नाही म्हणाली तर मनावर घेऊ नका. तुमच्या मुलाला सांगा, की वर्गातला तो मित्र वेगळ्या रीतीनं बोलतो, आपण त्याची रीत शिकून घेऊ. वाढदिवसाला त्याला बोलवा, फुगे फोडू नका. त्याच्या प्रत्येक कृतीला अर्थ आहे असं धरून चाला. तो लगेच कळणार नाही, पण तो शोधणं हे आपलं, शहाण्यासुरत्या मोठ्या माणसांचं, काम आहे.